मंजुरीनंतर पेशंटकडे कोण बघतं? आपल्या भागातल्या वैद्यकीय विद्यापीठांना खुलं पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, अधिष्ठाता आणि संशोधन विभागप्रमुख,
सांगली, मिरज, कराड आणि सातारा इथली वैद्यकीय विद्यापीठं व महाविद्यालयं

सप्रेम नमस्कार.

नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या, बैठकीला किमान पाच सदस्य लागतात आणि त्या पाचांत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. डॉक्टर नको, वकील नको, संशोधक नको, साधा माणूस हवा. तो आला नाही तर टेबलाभोवती कितीही नामवंत बसलेले असोत, गणपूर्ती होत नाही. आपल्याकडच्या अशाच एका कमिटीवरचा तो साधा माणूस म्हणजे मी. निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे, मराठी आणि इतिहास शिकवायचो. कमिटी कुठली ते लिहिणार नाही, कारण गोपनीयतेच्या कागदावर मी सही केली आहे आणि ती पाळणार आहे. कुठल्याही एका अभ्यासाची ओळख पटेल असं या पत्रात काही सापडणार नाही. पण जे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच चाललंय, त्यावर बोलायला गोपनीयता आड येत नाही.

बंद खोलीत हे बोलून झालं आहे. इतिवृत्तात 'सदस्यांनी सूचना केली, नोंद घेण्यात आली' असं एक वाक्य येतं आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे उघड पत्र.

मुद्दा एकच आहे. आपल्याकडे एथिक्स कमिटी म्हणजे मंजुरीची मोहोर झाली आहे. मोहोर उमटली की सगळे मोकळे. त्यानंतर ज्या माणसाच्या अंगावर संशोधन होतं त्याचं काय झालं, हे विचारायला कुणी नेमलेलं नाही. ती माणसं नेमा, त्यांना जागा, वेळ आणि पैसा द्या, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे.

आधी बैठकीबद्दल. वर्षभर कमिटीकडे काम तुरळक असतं आणि पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तरच्या, नव्या बॅचचे सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) यायला लागले की एकदम ढीग. एमडी, एमएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस सक्तीचा आहे, त्यामुळे फायली येणारच. तारीख विद्यापीठाने ठरवलेली, ती चुकली तर विद्यार्थ्याचं नुकसान, म्हणून सगळ्या एकाच दुपारी घ्यायच्या. विद्यार्थी बाहेर रांगेत उभे. आत येणार, चार स्लाइड दाखवणार, सॅम्पल साइझवर, म्हणजे किती पेशंट घेणार त्यावर, एक प्रश्न, पुढचा. बोर्डाचे पेपर मी अनेक वर्षं तपासले आहेत. गठ्ठा मोठा झाला की परीक्षकाचा हात कसा आपोआप चालायला लागतो ते मला चांगलं ठाऊक आहे. फरक एवढाच की पेपर चुकीचा तपासला गेला तर पुनर्मूल्यांकनाची सोय असते.

यात मी विद्यार्थ्यांना दोष देत नाही. चोवीस-चोवीस तास ड्युटी करून, वॉर्डातल्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून त्यांनी तो सिनॉप्सिस लिहिलेला असतो. बरेचदा मागच्या बॅचच्या थिसिसमधून उचललेला असतो, हेही तितकंच खरं. एकदा पेशंटला द्यायच्या माहितीपत्रकात आजार एका विभागाचा आणि शीर्षक दुसऱ्याच विभागाचं, असंही बघितलं आहे. पण त्याला ते नीट कसं लिहायचं हे शिकवायला कोण आहे? गाईडच्या मागे ओपीडी असते. सांख्यिकीचे एकच सर साऱ्या कॉलेजला पुरवायचे. आणि नियमांचं जंजाळ असं आहे की ज्याचं ते रोजचं काम नाही त्याने गोंधळावंच.

हे जंजाळ थोडं उलगडून सांगतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच ते माहीत असेल असं नाही. नव्या औषधाची चाचणी असेल तर कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे हवी. बाकीच्या वैद्यकीय संशोधनासाठी वेगळी नोंदणी, ती आरोग्य संशोधन विभागाकडे. बाजारात आधीपासून असलेलं औषध डॉक्टरला नव्या आजारासाठी किंवा नव्या मात्रेत वापरून बघायचं असेल आणि त्यातून विक्रीची परवानगी मिळवायची नसेल, तर ती शैक्षणिक चाचणी. तिला औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही, कमिटीची लागते. पण ही चाचणी खरोखर शैक्षणिक आहे की नियंत्रकांच्या कक्षेत येते, अशी शंका असेल तर कमिटीने त्यांना कळवायचं आणि कामकाजाचे तीस दिवस थांबायचं. उपकरण असेल तर २०१७ चे वेगळे नियम. त्यावर सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे नोंद आधी, पहिला पेशंट नंतर. अगोदर पेशंट घेतले आणि मग नोंदणीला गेलात तर दार बंद. ही नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन आहे, तरी दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी उशिरा जाऊन अडकतो. त्याला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण असतं.

आपल्या प्रत्येक संस्थेत परीक्षा विभाग आहे, प्रवेश विभाग आहे, नॅकच्या मूल्यांकनासाठी स्वतंत्र कक्ष आहे. वरचं सगळं ज्याला तोंडपाठ आहे आणि ज्याच्याकडे विद्यार्थी सिनॉप्सिस लिहिण्याआधी जाऊन बसू शकतो, असा एक माणूस मात्र नाही. मेंबर सेक्रेटरी, म्हणजे कमिटीचे सचिव, असतात, पण ते आधी प्राध्यापक. लेक्चर, प्रॅक्टिकल, एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) तपासणी हे सगळं उरकून उरलेल्या वेळात कमिटी. त्यांच्या हाताखाली एक क्लार्क, तोही अर्धा दुसऱ्या विभागाचा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट म्हणतात की कमिटीला जागा, कर्मचारी, निधी आणि मेंबर सेक्रेटरीला या कामासाठी पुरेसा वेळ देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे मी नवीन काही मागत नाही. जे आधीच कबूल केलेलं आहे त्याचीच आठवण करून देतो आहे.

आता मंजुरीनंतरचं.

मागे माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. गाडी चालवतो, खटाव तालुक्यात राहतो. "सर, आईला दवाखान्यात कसल्यातरी अभ्यासात घेतलंय. गोळी बदलली. आता पाय सुजल्यात. कुणाला विचारू?" मी म्हटलं, तुला दिलेला कागद बघ, त्यावर डॉक्टरांचा नंबर असेल आणि एथिक्स कमिटीचाही असेल. तो म्हणाला, "कागद कुठला? सही घेतली आणि फायलीला लावला की."

दवाखाना कुठला ते सांगत नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी पुढे त्या बाईंकडे नीट लक्ष दिलं हेही नमूद करतो. सूज गोळीमुळे होती की मूळ दुखण्यामुळे, ते मला कळायचं कारण नाही. पण व्यवस्था बघा. नियम म्हणतो, माहितीपत्रकाची आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत सहभागी व्यक्तीला किंवा तिच्या नातेवाइकाला द्यायची. त्या प्रतीवर तक्रार कुठे करायची ते छापलेलं असतं. कमिटीत आम्ही तो नंबर आहे का, हे आवर्जून तपासतो आणि नसेल तर फाईल परत पाठवतो. आणि तो कागद राहतो डॉक्टरांच्या कपाटात. त्या नंबरवर फोन केला तरी ऑफिसच्या वेळेत क्लार्क उचलेल, तोही जागेवर असला तर.

प्रत घरी जाते का? माहीत नाही, कारण कुणी बघायला जात नाही. संमती ओपीडीच्या गर्दीत घेतली की शांतपणे बसवून? माहीत नाही. अंगठा लावणाऱ्याच्या संमतीला त्रयस्थ साक्षीदार लागतो, लिहिता-वाचता येणारा आणि संशोधनाशी संबंध नसलेला. तो खरंच त्रयस्थ होता की वॉर्डातल्या मावशींची सही घेतली? माहीत नाही. मंजूर झालेल्या प्रत्येक अभ्यासाचा वर्षातून किमान एकदा आढावा घ्यायचा असं मार्गदर्शक तत्त्वांत आहे. आमच्याकडे तो आढावा म्हणजे विद्यार्थ्याने भरून दिलेला एक फॉर्म. त्यात 'दुष्परिणाम' या रकान्यात 'निरंक' असतं. इतक्या अभ्यासांत, इतक्या पेशंटांना, वर्षभरात काहीही झालं नाही, यावर सातवीतला मुलगाही विश्वास ठेवणार नाही.

गंभीर दुष्परिणाम झाला तर घड्याळ किती कडक आहे ते बघा. औषध नियंत्रकांच्या कक्षेतल्या चाचणीत डॉक्टरने चोवीस तासांत नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि कमिटीला कळवायचं. चौदा दिवसांत सविस्तर अहवाल. मृत्यू झाला असेल तर तीस दिवसांत कमिटीने आपलं मत नियंत्रकांना द्यायचं, भरपाई द्यावी का, किती द्यावी, यासह. ज्या कमिटीची बैठक दोन-दोन महिने होत नाही, जिचा सेक्रेटरी परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेलाय, ती हे कशी पाळणार?

भाषेचा विषय मी मराठीचा मास्तर म्हणून लांबवू शकतो, पण लांबवत नाही. फक्त आपला भाग डोळ्यासमोर आणा. पीजीचे विद्यार्थी 'नीट' परीक्षा देऊन देशभरातून येतात. त्यातल्या कित्येकांची मराठी वॉर्डात शिकलेली असते, तीही 'दुखतंय का' आणि 'जेवला का' एवढीच. त्यांच्या वतीने संमतीपत्र समजावून सांगतं कोण? सिस्टर, नाहीतर शेजारच्या कॉटवरचा नातेवाईक. आणि जत तालुक्याच्या पूर्व भागातून, उमदी-संखकडून येणाऱ्या पेशंटच्या घरात कन्नड बोलतात. त्यांच्यापुढे मराठी कागद ठेवला काय आणि इंग्रजी ठेवला काय. सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातून येणारे पेशंट तर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला तेव्हापासून हे गाव दोन भाषांच्या पेशंटांचं आहे. तरी कन्नड संमतीपत्र आमच्यापुढे क्वचितच येतं. मागितलं की उत्तर ठरलेलं, 'सर, कन्नड पेशंट आम्ही घेणारच नाही.' म्हणजे भाषेपायी माणूस वगळायचा. उद्या त्या औषधाचा फायदा झाला तर तो कुणाला मिळायचा, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या येण्या-जाण्याची. दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिवकडून ऊसतोड कामगार आपल्या कारखान्यांवर येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. या मधल्या महिन्यांत त्यांचा दवाखाना म्हणजे आपला दवाखाना. बाळंतपणं, सर्पदंश, कोयत्याच्या जखमा, सगळं इथेच. त्यांना अभ्यासात घ्यावं की नाही? घेतलं आणि फॉलोअप सहा महिन्यांचा असेल तर एप्रिलमध्ये तो माणूस कुठे शोधायचा? आणि मुकादमाच्या उचलीत अडकलेला माणूस 'नाही' म्हणू शकतो का? मुकादम शेजारी उभा असताना दिलेली संमती खरी मानायची का? खानापूर, आटपाडीचे गलाई बांधव, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, तर देशभर विखुरलेले. गावी आले की तपासून घेतात, गोळ्या घेतात आणि निघून जातात. अशा अभ्यासांत पेशंट 'लॉस्ट टू फॉलोअप' म्हणून रकान्यात टाकतात. हरवला कोण? तो आपल्या घरी आहे की. हरवली ती आपली नोंद. मी कमिटीत हे प्रश्न विचारतो तेव्हा सगळे मान डोलावतात. उत्तर शोधायला मात्र एका माणसाने उसाच्या फडावर किंवा गावात जाऊन बघायला हवं, आणि तो माणूस कुणाच्याच पगारपत्रकावर नाही.

माण किंवा जतहून तपासणीला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी. अभ्यासासाठी जास्तीची फेरी मारायला लावली तर तो खर्च पेशंटला परत द्यायचा असतो. विद्यार्थ्याच्या थिसिसमध्ये बजेट या मथळ्याखाली 'स्वखर्च' लिहिलेलं असतं. कुणाचा स्वखर्च? विद्यार्थ्याचा असं कागदावर, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा पेशंटचाच.

आता सगळ्यात अवघड विषय, नुकसानभरपाईचा. औषध कंपनीची चाचणी असते तेव्हा सहभागी माणसाला चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई प्रायोजकाने द्यायची असते, आणि मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्रही ठरलेलं आहे. आठ लाख रुपये मूळ रक्कम, तिला वयाच्या गुणांकाने आणि जोखमीच्या गुणांकाने गुणायचं आणि ९९.३७ ने भागायचं. वय ६५ किंवा जास्त असेल तर वयाचा गुणांक तोच ९९.३७. जोखमीचा गुणांक मरणासन्न रुग्णासाठी अर्धा, निरोगी स्वयंसेवकासाठी चार. म्हणजे पासष्ट वर्षांचा धडधाकट माणूस चाचणीमुळे गेला तर बत्तीस लाख. संमतीपत्रात वारसाचं नाव विचारतात ते यासाठीच. वारसाचं नाव का लिहून घेतात हे किती जणांना समजावून सांगतात, देव जाणे.

पण आपल्याकडचं बहुतेक संशोधन कंपनीचं नाही, विद्यार्थ्यांचं आणि प्राध्यापकांचं आहे. त्याला प्रायोजक नाही. शैक्षणिक चाचणीत इजा झाली तर आयसीएमआरच्या तत्त्वांप्रमाणे उपचार आणि भरपाईची सोय संस्थेने करायची, विमा काढून, राखीव निधी ठेवून किंवा अनुदानातून. मी विचारतो, आपल्यापैकी कोणाच्या अंदाजपत्रकात असा निधी आहे? असेल तर तो जाहीर करा, मी जाहीर माफी मागेन. नसेल तर आम्ही ज्या माहितीपत्रकांवर 'इजा झाल्यास संस्था मोफत उपचार देईल' हे वाक्य बघून खूण करतो, त्या वाक्यामागे काय आहे? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या निवासी डॉक्टरने संस्थेच्या वतीने दिलेलं ते वचन आहे. पाळायची वेळ आली तर त्याने काय स्टायपेंडमधून भरायचं?

काही मंडळी म्हणतील, हे एथिक्सवाले संशोधनाच्या आड येतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण संशोधनाने काय होऊ शकतं याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा फार मोठा अभ्यास झाला. ५२ गावसमूह, १,३१,७४६ स्त्रिया, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग. २००९ साली निष्कर्ष आले की आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीनेसुद्धा या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. साऱ्या जगाच्या धोरणावर त्याचा परिणाम झाला. आपल्या खेड्यातल्या बायकांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे.

आणि त्याच अभ्यासावर गंभीर टीकाही झाली. चार गटांपैकी एका गटातल्या ३१,४८८ स्त्रियांची तपासणी अभ्यासाचा भाग म्हणून केलीच गेली नाही. त्यांना फक्त माहिती आणि नेहमीची सेवा. त्यांच्यातल्या ६४ जणी या कर्करोगाने गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटातल्या ३४. संशोधकांचं म्हणणं, तपासणी कार्यक्रम तिथे मुळात नव्हताच, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीकाकारांचं म्हणणं, तपासणीचा उपयोग होतो हे जगाला ठाऊक असताना त्यांना नुसतं बघत का राहायचं? मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. माझा कल टीकाकारांकडे आहे, पण दुसऱ्या बाजूला उत्तर नाही असं मी म्हणणार नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की असा प्रश्न एखाद्या कमिटीपुढे आला तर त्याला दहा मिनिटं पुरत नाहीत. एक अख्खी दुपार लागते, बाहेरचे तज्ज्ञ लागतात, त्या गावातल्या चार बायकांशी बोलावं लागतं. ज्या कमिटीला उसंत नाही ती अशा वेळी एकतर डोळे मिटून हो म्हणते नाहीतर घाबरून नाही म्हणते. या दोन्हींत नुकसानच आहे.

इंदूरमधल्या औषध चाचण्यांबद्दलच्या तक्रारींनंतर स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ साली न्यायालयाने नव्या औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देताना तीन गोष्टी तपासायला सांगितल्या: धोक्याच्या तुलनेत फायदा किती, आजच्या उपचारापेक्षा नवं काय आणि देशात त्याची गरज आहे का. पुढच्या काही वर्षांत देशात चाचण्याच कमी झाल्या. काही जण त्याचा दोष न्यायालयाला देतात. माझ्या मते दोष त्या संस्थांचा, ज्यांनी आधी घर नीट ठेवलं नाही आणि मग बाहेरून कुलूप लागलं म्हणून ओरड केली.

आणखी एक बाब, जरा नाजूक. कमिटीतले निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्ष बाहेरचाच हवा, असा नियम आहे. कागदावर आपण सगळे तो पाळतो. पण बाहेरचा म्हणजे कोण? संस्थेतून निवृत्त झालेले सर, संस्थेच्या पॅनेलवरचे वकील, विश्वस्तांच्या नात्यातल्या कुणी बाई. मलाही एका ओळखीच्या डॉक्टरांनीच सुचवलं होतं. ही माणसं वाईट नसतात, पण समोरचा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, विभागप्रमुखांचा असला की आवाज खाली येतो. सदस्यांची निवड जाहिरात देऊन, ठरावीक मुदतीसाठी करा. शाळेतली बाई, आशा सेविका, ऊसतोड कामगारांत काम करणारा कार्यकर्ता, अशी माणसं आपल्या दोन जिल्ह्यांत भरपूर आहेत. त्यांना मानधन आणि गाडीभाडं द्या, नियमांचं प्रशिक्षण द्या. एखाद्या सदस्याने प्रोटोकॉल नाकारायला लावला तर मुदत संपल्यावर त्याला 'आता नव्या लोकांना संधी देऊ' असं सांगून निरोप द्यायची पद्धत बंद करा.

पेपरांच्या मागे लागण्याबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल. नॅक आणि एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी पेपर मोजले जातात, बढतीसाठी पेपर लागतात, म्हणून अभ्यास होतात. ते बदलणं तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पण वार्षिक अहवालात 'इतके पेपर' छापता, त्याच पानावर इतके अभ्यास मंजूर, इतके परत पाठवले, इतक्या ठिकाणी कमिटीने प्रत्यक्ष भेट दिली, इतक्या सहभागींच्या तक्रारी आल्या, हेही छापा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तर, एक कायमचं संशोधन-नीती कार्यालय काढा. त्यात पूर्ण वेळ दोन-तीन माणसं असावीत. एक नियम जाणणारा, ज्याच्याकडे विद्यार्थी सिनॉप्सिसच्या आधी येईल. एक मंजुरीनंतर फिरणारा, जो वॉर्डात जाऊन संमती घेताना शेजारी बसेल, पेशंटला घरी फोन करून 'कागद मिळाला का, त्रास काही आहे का' विचारेल आणि कमिटीला थेट अहवाल देईल, विभागप्रमुखांमार्फत नव्हे. मराठी आणि कन्नड कागद तपासायची सोय. एक फोन नंबर, जो रात्रीही उचलला जाईल. भरपाईचा राखीव निधी. मेंबर सेक्रेटरींच्या लेक्चरचा भार कमी करणं. आणि सिनॉप्सिस वर्षभर स्वीकारायची पद्धत, म्हणजे एका दुपारी ढीग उपसावा लागणार नाही. पेशंटचे फोटो विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतात त्याचीही शिस्त याच कार्यालयाने लावावी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, तो दवाखान्याच्या दारात थांबत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यांनी वेगवेगळं करायची गरज नाही. सांगली आणि मिरज शहरं एकमेकांना लागून आहेत, कराड, सातारा हायवेवर. कन्नड अनुवाद, सदस्यांचं प्रशिक्षण, सांख्यिकीचा सल्ला हे सगळं तुम्हाला एकत्र ठेवता येईल. ज्या छोट्या दवाखान्याकडे स्वतःची कमिटी नाही त्याला त्याच शहरातली किंवा पन्नास किलोमीटरच्या आतली दुसरी कमिटी वापरता येते, अशी तरतूद नियमांतच आहे. पुढेमागे मिरजेतले छोटे हॉस्पिटलवालेही चाचण्या घेतील तेव्हा ते तुमच्याच दाराशी येणार आहेत. विद्यार्थ्यांकडून एथिक्स कमिटीची फी घेता, ती आधी या कामाला लावा. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च मी काढत नाही, पण अंदाज सगळ्यांना आहे.

हे सगळं एका वर्षात होणार नाही हे मला कळतं. म्हणून नव्या बॅचचे सिनॉप्सिस यायच्या आधी तीन गोष्टी करा. संमतीपत्राची प्रत घरी नेल्याची पेशंटची पोच फायलीला लावल्याशिवाय आढावा मंजूर करू नका. भरपाई निधीसाठी अंदाजपत्रकात एक ओळ उघडा, रक्कम छोटी असली तरी चालेल. आणि ज्या अभ्यासांत जोखीम जास्त आहे, त्यातल्या निदान काहींना कमिटीने वर्षात प्रत्यक्ष भेट द्यावी.

पत्राला उत्तर जाहीरच द्यावं, म्हणजे इतर कमिट्यांवरच्या माझ्यासारख्या लोकांनाही ते वाचता येईल. कन्नड कागद तपासायला जतकडचे दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत, त्यांच्याशी बोलून झालं आहे. मानधन नको म्हणतात, पण एसटीचं भाडं द्यावं लागेल.

आपला,
एका एथिक्स कमिटीवरचा सामान्य नागरिक सदस्य
सांगली जिल्हा